लाँग एकरचे एकोणीस नाल

घोड्याला पाय चार असतात. हे मला कुणी शिकवायला नको, मी नालबंद आहे. पंचेचाळीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेण्यात माझी कंबर गेली. तरीही एका घोड्याच्या एकाच शर्यतीतले एकवीस नाल मी गावात वाटले. कसे वाटले आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगतो. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. सगळं गाव हसून मोकळं झालंय, तुम्हीच का मागे राहायचं?

घोड्याचं नाव लाँग एकर. ज्याला स्वतःचं कुरण नाही तो आपली जनावरं रस्त्याकडेच्या गवतावर चारतो, आणि त्या गवताच्या लांबलचक पट्टीला आमच्या उत्तर कॉर्कमध्ये हेच नाव आहे. मॉसी डिनीननं या घोड्याची आई अशीच रस्त्याकडेला चारली होती. मॉसीकडं नऊ एकर दलदल, सहा घोड्यांची पागा आणि असुम्प्टा नावाची बायको होती. घरातलं डोकं म्हणजे असुम्प्टा, असं तो स्वतःच पबमध्ये सांगायचा. असुम्प्टाही ते कधी नाकारायची नाही.

चर्चच्या मनोऱ्याकडं नजर लावायची आणि मधली शेतं, कुंपणं, खंदक उडत त्या मनोऱ्यापर्यंत घोडा फेकायचा, हा वेडेपणा म्हणे आमच्याच भागात सुरू झाला. त्यामुळं उड्या मारणाऱ्या घोड्याचं आम्हाला कौतुक नवं नाही. पण लाँग एकर शिंगरू असल्यापासून कुठल्याच कुंपणात राहिला नाही. फाटक उघडं असलं तरी तो शेजारून उडी मारून जायचा. पोस्टातल्या टिली मॅकऑलिफच्या बागेतला कोबी त्यानं ओळीनं तीन वर्षं खाल्ला. टिली पोस्टाच्या फोनवरून शिव्या घालायची, मॉसी दोरी घेऊन निघायचा, आणि तो पोचेपर्यंत घोडा शेजारच्या बागेत गाजरांना लागलेला असायचा. पुढं तो मोठा झाल्यावर टिली सगळ्यांना सांगत सुटली, की घोडा माझ्या कोबीवर वाढलाय.

तिसऱ्या वर्षी त्याला खच्ची केला. आमच्याकडं उड्यांच्या शर्यतीतले बहुतेक घोडे खच्चीच असतात. बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत पळायचं, तर डोकं थंड हवं. त्यामुळं घोडा कितीही गाजला तरी त्याच्यामागं शिंगरू नाही, वंश नाही. जे काय आहे ते त्याच्याबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर जातं. खच्ची केल्यावर घोडा शांत होतो म्हणतात. हा फक्त आधीपेक्षा उंच उडायला लागला.

त्याची एक सख्खी बहीण होती, ज्युडी. आई तीच, बाप तोच, वर्षानं धाकटी. दिसायला अगदी भाऊ, पण धावायचं कशासाठी हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शर्यत सुटली की ती आधी बाकीच्यांना पुढं जाऊ द्यायची. मग एकेक कुंपण नीट बघून, सावकाश ओलांडून यायची. कधी पडली नाही आणि कधी पहिल्या दहांतही आली नाही. मॉसीचा तिच्यावर फार जीव. तो म्हणायचा, घरात एखादं शहाणं माणूस असावं लागतं.

लाँग एकर आठ वर्षांचा झाला तेव्हा ईस्टर सोमवारच्या मोठ्या शर्यतीत उतरला. देशभरातले तीस घोडे, साडेतीन मैलांहून जास्त अंतर, चोवीस कुंपणं. मॉसी तेव्हा मॅलोच्या दवाखान्यात होता, छातीनं दगा दिला होता. घोडा तयार केला असुम्प्टानं. आदल्या दिवशी चर्चमधला मिस्सा झाल्यावर मी कोट काढला आणि पागेतच त्याला शर्यतीचे नाल ठोकले. हे नाल ॲल्युमिनियमचे असतात, हलके आणि पातळ. शर्यतीच्या आदल्या दिवशी मारायचे आणि दुसऱ्या दिवशी काढून परत लोखंडी घालायचे. डांबरी रस्त्यावर चाललं तर त्यांचा आठवड्यात चुरा होतो.

शर्यतीचं काय सांगू? निम्मं गाव कठड्याला लटकलेलं आणि निम्मं बॅट लिनेहानच्या पबमध्ये टीव्हीला चिकटलेलं. शेवटून चौथ्या कुंपणाला पुढचा घोडा कोसळला, नेमका लाँग एकर हवेत असताना. खाली पाय टेकायला जागा नव्हती. तर या पठ्ठ्यानं हवेतच अंग चोरलं, पडलेल्या घोड्याच्या कानाशेजारी एक पाय टेकला आणि पुन्हा उडाला. जॉकी पुढं सांगायचा की तिथं मी डोळे मिटले होते, जे काय केलं ते घोड्यानं केलं. दीड घोड्याच्या लांबीनं जिंकला. माझ्या शेजारी उभा असलेला आमचा खासदार, जन्मात कधी कुणाला मिठी न मारलेला माणूस, माझ्या गळ्यात पडून रडला.

आता खरी भानगड. मंगळवारी सकाळी मी डिनीनांच्या पागेत गेलो आणि लाँग एकरचे शर्यतीचे नाल काढले. ज्युडीही शनिवारी कुठंशी पळून, म्हणजे चालून, आली होती. तिचेही काढले. दोघांना लोखंडी नाल मारले, कारण संध्याकाळी घोड्याला गावातून मिरवायचं होतं. आमच्याकडं जिंकलेला घोडा गावातून चालत जातो, पबच्या दारात थांबतो, डोकं आत घालतो, आणि मग गाव प्यायला मोकळं होतं. त्या संध्याकाळी मिरवणूक चौकात थांबली तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात लाँग एकरचे ते चार नाल होते. बॅट लिनेहाननं एक मागितला, बारवर ठोकायला. दिला. ज्याच्या गाडीतून घोडा नेला त्या डेअरीच्या मॅनेजरनं मागितला. त्यालाही दिला. जनावरांच्या डॉक्टरनं मागितला, मग खासदारानं हात पुढं केला. मी स्टाउट बिअरचे चार ग्लास रिचवले होते आणि सगळ्या गावाचे लाड करायच्या मूडमध्ये होतो. चार नाल, चार माणसं, काम झालं. मी शीळ घालत घरी गेलो.

बुधवारी सकाळी असुम्प्टाचा दवाखान्यातून फोन आला. म्हणाली, मॉसीला एक नाल बघायचाय, जमलं तर आज घेऊन ये.

मी तिथंच खुर्चीत बसलो. ज्याचा घोडा, ज्यानं रस्त्याकडेचं गवत चारून हा घोडा उभा केला, त्या एका माणसाची मला आदल्या संध्याकाळी आठवणच झाली नव्हती. आणि परत कुणाकडं मागणार? बॅटचा नाल बारवर चार खिळ्यांनी बसला होता आणि त्याखाली लोक ग्लास उंचावत होते. डेअरीवाल्यानं आईच्या फोटोखाली लावला होता. खासदार तर सकाळीच डब्लिनला गेला होता.

मग मी जे केलं ते केलं. ज्युडीचा एक नाल घेतला, राखेनं घासला, कापडानं पुसला आणि मॅलोला गेलो. मॉसी उशीला टेकून बसला होता, हातापायांच्या काड्या झालेल्या. त्यानं नाल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाला, "बेस आहे, फिन्टन. फार बेस," आणि उशीखाली ठेवून दिला. मी चहासुद्धा न घेता पळालो. तीन आठवड्यांनी मॉसी गेला. तो नाल त्याच्या शवपेटीत, त्याच्या हाताखाली ठेवला. ठेवला असुम्प्टानं, आणि मी शेजारी टोपी छातीशी धरून उभा होतो.

पहिलं खोटं जड जातं. त्यानंतर मला ते हातोडी उचलण्याइतकं सोपं झालं. टिली ऑपरेशनला निघाली, तिला धीर हवा होता, ज्युडीचा दिला. कुणाची मुलगी ऑस्ट्रेलियाला चालली, तिला दिला. ज्युडीचे संपले तेव्हा लाँग एकरच्याच पुढच्या शर्यतींतले द्यायला लागलो, निदान घोडा तरी खरा. तेही संपले. मग जे हाताला लागले ते. फादर ऑलिव्हर आमच्या गावात नवे आले, त्यांना वाटलं आपल्याकडंही एक असावा. त्यांना मिळाला एका अशा घोडीचा, जिनं पहिल्याच शर्यतीत जॉकीला डबक्यात टाकलं होतं. तो त्यांनी दाराच्या चौकटीवर ठोकला. आता मला सांगा, मी पापाची कबुली द्यायला जाणार तरी कुणाकडं?

तिकडं लाँग एकर आपलं नाव मोठं करत राहिला. असुम्प्टानं शर्यतीचे घोडे तयार करायचा मॉसीचा परवाना आपल्या नावावर घेतला आणि घोड्याला अजून चार वर्षं पळवला. एकूण एकतीस शर्यतींत अकरा जिंकल्या, आणि एकदाही पडला नाही. बाराव्या वर्षी एका पावसाळी दिवशी तो दुसरा आला, परत येताना असुम्प्टानं त्याच्या कानाशी काहीतरी विचारलं आणि तिथंच जाहीर केलं की झालं, आता हा निवृत्त. पुढं तो शाळेच्या कार्यक्रमांना जाऊ लागला, लग्नांत नवरीशेजारी उभा राहू लागला आणि टिलीचा कोबी आता रीतसर परवानगीनं खाऊ लागला. आमच्या गावात वळण कुठं घ्यायचं हे विचारलं तर लोक अजून सांगतात, लाँग एकरनं डोकं आत घातलं होतं त्या पबपासून डावीकडं.

सोळा वर्षं अशी मजेत गेली. मग एका सप्टेंबरच्या रविवारी, मिस्सा संपता संपता, फादर ऑलिव्हरनी कागद काढला आणि सूचना वाचल्या. गावाच्या समितीनं ठरवलं होतं, की लाँग एकर जिवंत आहे तोवरच चौकात त्याच्या नावाचा दगड उभा करायचा. पुतळा परवडणार नाही. त्याऐवजी त्या मोठ्या शर्यतीतले त्याचे चार नाल दगडात बसवायचे. ज्यांच्याकडं ते असतील त्यांनी पुढच्या रविवारी सभागृहात घेऊन यावेत. आणि फिन्टन ट्वोमी ते ओळखून दगडात बसवतील.

ओळीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. मी गुडघ्यांवर होतो, तसाच राहिलो. सगळे बाहेर पडले तरी राहिलो. टिलीला वाटलं, बिचारा भारावून गेला.

तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. सोमवारी ताप आल्याचं सोंग केलं, पण मंगळवारी तीन घोडे होते. बुधवारी बॅटच्या पबमध्ये गेलो, म्हटलं याला पटवू की बाबा, तुझा नाल बारवरच शोभतो, काढू नकोस. तर बॅट आतूनच हसत आला. बारवर ओणवा होऊन मला म्हणाला, "फिन्टन, एक सांगतो, कुणाला बोलू नको. टिलीकडं पण एक आहे म्हणे. बाई सरळ खोटं बोलते रे. अशी पोस्टात बसलेली आहे ना, वाटणार नाही."

मी म्हटलं, मला घोट दे. शुक्रवारपर्यंत असे सहा जण येऊन माझ्या कानात कुजबुजून गेले. प्रत्येकाकडं खरा नाल होता आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या खोटेपणाचं वाईट वाटत होतं. मला मात्र त्या सगळ्यांपेक्षा एकाच नालाची धास्ती होती, आणि तो गावच्या दफनभूमीत मातीखाली होता. बाकीच्यांनी मला वाटेल ते बोलावं, दोन महिने बोलतील आणि घोड्याचा नाल सुटला की परत फोन करतील. असुम्प्टाचं तसं नव्हतं. तीस वर्षं तिच्या पागेत मी न विचारता जात होतो, तिच्या स्वयंपाकघरात माझा स्वतःचा कप होता. तिला हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल, एवढं मला समजत होतं.

रविवारी सभागृहात लांब टेबलावर पांढरी चादर घातली होती. एका टोकाला हॅमची सँडविचं आणि चहाची मोठी किटली, दुसऱ्या टोकाला नाल. लोक एकेक करून येत होते. बॅटनं रुमालात गुंडाळून आणला होता. टिलीनं दागिन्यांच्या डबीतून काढला. ऑस्ट्रेलियातून एक पाकीट आलं होतं. चौथा नाल ठेवेपर्यंत टाळ्या पडल्या. पाचवा पडला तेव्हा कुणीतरी खोकलं. अकराव्यानंतर ऐकू येत होता तो फक्त टेबलावर नाल ठेवल्याचा खण्ण आवाज. शेवटी फादर ऑलिव्हर खिशातून आपला काढून गुपचूप ठेवायला गेले आणि टिलीनं मोठ्यानं मोजलं, "एकोणीस."

खासदार काही आला नव्हता. घर बदलताना त्याचा हरवला म्हणे.

मागचं मोठं दार उघडलं आणि असुम्प्टा घोडा घेऊन आत आली. ऐंशी वर्षांची बाई, घोडा चोवीस वर्षांचा, दोघांचीही पाठ जराशी खाली आलेली. घोड्याला सभागृहात आणायचं समितीत ठरलं नव्हतं, पण असुम्प्टाला अडवणार कोण? लाँग एकरनं सगळ्यांकडं बघितलं आणि सँडविचांच्या दिशेनं मान लांबवली.

"मग," बॅट म्हणाला, "या घोड्याला एकोणीस पाय होते म्हणून तो जिंकला तर. नालबंदबुवा, जरा इकडं या."

मी टेबलापाशी गेलो. नाल ओळखण्याइतके डोळे अजून धड होते. बॅटचा नाल उचलून बाजूला ठेवला. डेअरीवाल्याचा ठेवला. डॉक्टरचा ठेवला. म्हटलं, हे तीन खरे. चौथा खासदारानं हरवला. बाकीचे सगळे मी तुम्हाला खोटे दिले.

मग काय विचारता? सोळा वर्षांच्या शिव्या एकदम आल्या. टिली म्हणाली, मी भूल देताना तो मुठीत धरला होता, डॉक्टरांनी बोटं उघडून काढला होता, तो कुणाचा होता ते सांग आधी. मी म्हटलं, ज्युडीचा. ती म्हणाली, म्हणजे मी शेवटून पहिल्या आलेल्या घोडीच्या भरवशावर पोट कापून घेतलं. फादरना त्यांच्या घोडीची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत हे कळल्यावर दोन-चार जण हसले, मग अजून काही. बॅट तर आपला नाल खरा निघाल्यानं असा फुगला होता की त्यानं सगळ्यांना एकेक ग्लास जाहीर केला. मला वाटलं, सुटलो.

"आणि मॉसीचा?" मागून असुम्प्टा म्हणाली.

तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण हसणं जागच्या जागी थांबलं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते. माझ्या मनात आलं, की तो नाल सहा फूट मातीखाली आहे. तो टेबलावर कधीच येणार नाही. मी 'खरा' एवढं म्हटलं तर या जगात कुणी मला खोटं पाडू शकत नाही, आणि या म्हातारीला रात्री सुखाची झोप लागेल. सतरा खोटी बोललो, हे एक तर दयेचं होतं. शब्द अगदी ओठावर आला. पण मला दवाखान्यातल्या खिडकीशी नाल धरलेला मॉसी दिसला, आणि त्याच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलणं माझ्यानं होईना.

"ज्युडीचा होता," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. मागं ऐकू येत नाही."

"मॉसीला मी ज्युडीचा नाल दिला, असुम्प्टा. खरे चारही आदल्या दिवशी चौकात वाटून बसलो होतो. ज्याचा घोडा त्याचीच मला आठवण राहिली नाही."

ती घोड्याला घेऊन टेबलापर्यंत आली. लोक बाजूला झाले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी गाल पुढं केला असता.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तू जिना उतरला नसशील तोवर मॉसीनं मला सांगितलं. आतल्या बाजूचं एक भोक कोरं होतं."

ज्युडीच्या खुराची आतली कड ठिसूळ होती, म्हणून तिकडं मी एक खिळा कमी मारायचो. आणि तो कमी मार, असं मला मॉसीनंच सांगितलं होतं.

"मी पर्स उचलली," असुम्प्टा म्हणाली, "म्हटलं खाली जाते आणि हा नाल त्याच्याच डोक्यात घालते. मॉसी म्हणाला, बस खाली. म्हणाला, त्याचा चेहरा बघितलास ना, मेल्याहून मेला झालाय. त्याला कधी सांगू नकोस. आणि म्हणाला, नाल चुकीचा नाही आलाय. घोड्याच्या मागं काही राहणार नाही, तो गेला की गेला. जे राहील ते हिच्यातून राहील. शर्यती पुरे, ज्युडीला वळू घोड्याकडं घेऊन जा."

ज्युडीची शिंगरं सगळ्यांना ठाऊक होती. सात झाली, त्यातली चार जिंकलेली. तिची एक नात गेल्याच मार्चमध्ये इंग्लंडात जाऊन नाव काढून आली होती, तिला नाल मीच मारले होते. आम्हाला वाटायचं, ज्युडीला वळूकडं न्यायची अक्कल असुम्प्टाची. गावात आज पळणारं प्रत्येक चांगलं जनावर त्या न पळणाऱ्या घोडीचं होतं, आणि ते एका मरणाऱ्या माणसानं माझ्या खोट्या नालाकडं बघून ठरवलं होतं.

"मग सोळा वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं. मला रडू आवरत नव्हतं, आणि आवरायचा मी प्रयत्नही केला नाही.

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं. विचारू नको असं नव्हतं म्हटलं. विचारायला बरी जागा मिळाली नव्हती, आज मिळाली." तिनं मला आपला रुमाल दिला. "आणि आज खोटं बोलला असतास ना फिन्टन, तर उद्यापासून मी दुसरा नालबंद बघितला असता. चांगला एक आहे मिचेल्सटाउनला. तरुण आहे, पाठ पण सरळ आहे."

चौथ्या जागेसाठी टिलीचा नाल घेतला. असुम्प्टानंच उचलला तो. पाऊण तासापूर्वी शिव्या देणारी टिली आता सगळ्यांना सांगत होती, की ज्युडीच्या अंगी काय होतं ते मला ऑपरेशनच्या टेबलावरच कळलं होतं. दगड पुढच्या महिन्यात उभा राहिला. तीन भावाचे, एक बहिणीचा. डावीकडचा खालचा ज्युडीचा, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. शर्यतीला निघालेली माणसं आधी त्यालाच हात लावतात. बाकीचे पंधरा ज्याचे त्यानं परत नेले. एकानंही टाकून दिला नाही. फादरांचा तर परत चौकटीवर गेला.

लाँग एकर फेब्रुवारीत गेला. सकाळी कुरणात आडवा दिसला, झोपेतच गेला होता. गाव सुट्टी घेतल्यासारखं जमलं. दलदलीतल्या कोरड्या तुकड्यावर खड्डा खणला, फादरनी दोन शब्द म्हटले, बॅटनं बाटली फिरवली. म्हातारपणी त्याच्या पुढच्या दोनच पायांत नाल असायचे. मी गुडघे टेकले, एकेक पाय शेवटचा मांडीवर घेतला आणि दोन्ही काढले. मागून दोघा-तिघांनी घसा खाकरला, कुणीतरी माझं नावही घेतलं. मी वर बघितलं नाही. नाल बाहीला पुसले आणि दोन्ही असुम्प्टाच्या हातात दिले.